मागचा माणूस

संघप्रिया सरवदेच्या पायाला भिंगरी आहे, असं तिची आई पारूबाई म्हणायची. पण भिंगरी निदान दमून कधीतरी आडवी पडते. ही बाई पडत नव्हती. सकाळचा चहा तिनं एक घोट खिडकीशी, एक दाराशी आणि उरलेला पार गार झाल्यावर टेबलाशी, असा उभ्या उभ्या संपवला होता. आता ती खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत होती. आणि खोली तरी केवढी? सिद्धूच्या चादरींच्या कारखान्यावरची माडी. निम्म्या जागेत चादरींचे गठ्ठे, उरलेल्या निम्म्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर हिमाचलातल्या एका डोंगराचा भलामोठा फोटो. खाली यंत्रमागांची खडखड चालली होती. मे महिना संपत आला होता आणि सकाळचं ऊनसुद्धा खिडकीच्या गजाला हात लावू देत नव्हतं.

फोटोतल्या त्या डोंगरावर त्या घटकेला पाच माणसं चढत होती. सगळ्यात पुढं तिकडचाच वाटाड्या रिगझिन, त्याच्यामागं सोलापूरच्या गिर्यारोहण क्लबचा म्होरक्या शिवयोगी, मग प्रतिक्षा, मग मल्लप्पा आणि शेवटी शहाजी. वरच्या तंबूतून रात्रीच निघालेली ही मंडळी उजाडता उजाडता शेवटच्या चढणीला लागली होती. डोंगराच्या पायथ्याला तळावर गुरु बसला होता, एका हातात वॉकीटॉकी आणि दुसऱ्या हातात सॅटेलाइट फोन घेऊन. त्या फोनच्या परवानगीसाठी सिद्धूनं सरकारी उंबरे झिजवले होते. वरचे लोक वॉकीटॉकीवर गुरूशी बोलायचे, गुरु फोनवर सोलापूरशी बोलायचा, आणि सोलापूर म्हणजे संघप्रिया.

बाई स्वतः डोंगर चढणारी नव्हे. विजापूरच्या गोल घुमटाचा जिना चढतानासुद्धा तिनं मध्येच भिंत धरली होती. ती एका खाजगी दवाखान्यात, अतिदक्षता विभागात सिस्टर होती. तिथं तिनं एक गोष्ट रोज पाहिली होती: माणूस मरणाच्या दारात असला तरी म्हणतो, मला काही झालं नाही, घरी चला. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावच्या तुकडीतला पोरगा अशाच उंच डोंगरावर दगावला. आदल्या दिवसापासून त्याचं डोकं दुखत होतं, पाऊल वाकडं पडत होतं आणि सोबतच्यांना ते दिसत होतं. पण शिखर समोर असताना ‘माघारी फिरा’ म्हणायचा वाईटपणा कोण घेणार? प्रत्येकानं दुसऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. हेलिकॉप्टर तेवढ्या उंचीवर येत नाही, आणि खाली येतं तेही हवा बरी असली तर आणि कागद हलले तर. ती बातमी हातात घेऊन संघप्रिया या माडीवर आली होती आणि ओळखपाळख नसताना सिद्धूशी कडाकडा भांडली होती.

"विरळ हवेत पहिल्यांदा डोकं बिघडतं," ती म्हणाली होती, "आणि बिघडलेलं डोकंच सांगतं की मी ठणठणीत आहे. मग त्याच डोक्याला विचारता कशाला? निर्णय खाली बसलेल्यानं घ्यायचा. ज्याच्या नाकात पोटभर हवा जाते त्यानं."

सिद्धू क्लबचा चिटणीस. त्याला भांडणारी माणसं आवडायची नाहीत, पण ही पटली. तेव्हापासून ती क्लबची झाली. तिनं प्रतिक्षाला जाड कपड्यावरून मांडीत इंजेक्शन द्यायला शिकवलं. वरच्या तंबूत ऑक्सिजनची नळकांडी ठेवायला लावली. आजारी माणसाला आत झोपवून बाहेरून पंपानं हवा भरायची एक मोठी पिशवी असते, ती तळावर ठेवायला मागवली. आणि एक नियम केला: सोलापूर ‘खाली’ म्हणालं की खाली. का, कशाला, विचारायचं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी शहाजीनं या नियमावर सगळ्यांना भंडारा उचलायला लावला, हळद मुठीत घेऊन शपथ. ताट संघप्रियापुढं आलं तेव्हा ती म्हणाली, "मी बुद्धवंदना म्हणणारी बाई. मला तुमचा भंडारा नको, माझा शब्द पुरे." शहाजी हसला. "तुमी कशाला उचलायचा, सिस्टर? तुमी तर हुकूम सोडनाऱ्या."

हुकूम तिनं आजवर एकदाच सोडला होता, आणि तो चांगलाच अंगाशी आला होता. हिवाळ्यात सह्याद्रीतल्या एका गडावर सराव चालला होता. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायच्या यंत्रात प्रतिक्षाचा आकडा एकदम खाली घसरला. हिनं फोनवर आकडा ऐकला आणि ‘खाली’ म्हणाली. सगळी फौज भर चढणीवरून मुकाट माघारी आली. पायथ्याशी आल्यावर कळलं, की प्रतिक्षानं मावसबहिणीच्या लग्नासाठी नखं गडद निळी रंगवली होती आणि यंत्राला त्या रंगातून काही दिसत नव्हतं. जिच्या हाताखालून दिवसाला अशी दहा यंत्रं जातात, तिनं आधी नखं विचारायला नकोत? नाही विचारली. त्यानंतर क्लबात कुणी नुसतं शिंकलं तरी पोरं म्हणायची, "सिस्टर, नखं बघा आधी."

चेष्टा होती तोवर ठीक होतं. पण सिद्धूनं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आणखी एकदा असं झालं ना सिस्टर, तर पोरं तुमचा नियम गुंडाळून ठेवतील. लांडगा आला रे आला होऊन बसेल." तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. आज चुकीचं ‘खाली’ म्हटलं, तर पुढच्या खेपेला कुणी ऐकणार नाही आणि तेव्हा कुणीतरी जाईल. म्हणायला उशीर केला, तर आजच जाईल. या दोन्हींच्या मधल्या जागेत ती येरझारा घालत होती, आणि ती जागा त्या माडीहूनही अरुंद होती.

"काय करलालाव सिस्टर, बसा की," सिद्धू म्हणाला. "नीट चढलालेत पोरं. हवा चांगली आहे, शिवयोगी आहे, मागं शहाजी आहे. आणि काय पाहिजे?"

मागं शहाजी आहे, ही खरंच मोठी गोष्ट होती. मागचा माणूस ही संघप्रियाचीच कल्पना. सगळ्यात शेवटी चालणाऱ्यानं पुढच्यांची चाल बघायची, कोण अडखळतंय, कोण उगाच बसतंय, कोण हातमोजा काढून विसरलंय, आणि तासातासाला कळवायचं. या कामाला शहाजीसारखा माणूस शोधून सापडला नसता. सांगोल्याकडच्या माळावरचा धनगराचा पोरगा, चालायला लागल्यापासून मेंढरांच्या मागून चाललेला. कळपाच्या मागं चालायचं म्हणजे लंगडं, आजारी, गाभण, कुठलंच मेंढरू वाटेत राहत नाही. त्याचा निरोपही ठरलेला असायचा: "मागनं शहाजी. चारी हायती." सरावात एकदा संघप्रियानं विचारलं होतं, "चार कसे? तू पाचवा आहेस की."

"मेंढका सोताला मोजत न्हाय, सिस्टर," तो म्हणाला होता. हे वाक्य तिला इतकं आवडलं होतं, की दवाखान्यात डबा खाताना तिनं ते चार जणींना ऐकवलं होतं.

त्याच शहाजीची आई केराबाई आत्ता चादरींच्या गठ्ठ्याला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. काल एसटीनं आली होती, लेकाचा आवाज कानांनी ऐकायचा म्हणून. संघप्रिया जितकी हलत होती तितकी ही बाई जागची हलत नव्हती. सकाळपासून तिनं फक्त पदर सारखा केला होता, तोही दोनदाच.

"बस की गं बाय जरा," ती म्हणाली. "तुज्याकडं बगून मलाच गरगराय लागलंय."

"बसते, मावशी," संघप्रिया म्हणाली आणि खिडकीकडं गेली.

"शाजी कुटं हाय आता?"

"सगळ्यात मागं."

"मागंच आसनार." केराबाईच्या आवाजात लेकाचं कौतुक होतं. "बा बी त्येचा मागंच चालायचा. लगीन झाल्यापास्नं कदी म्होरं चालल्याला बगितला न्हाय मी. मी आन घोडं म्होरं, मदी मेंढरं, आन शेवटाला त्यो." ती जरा थांबली आणि त्याच सुरात पुढं बोलली. "तीन वर्सं झाली. उनाळ्यात मेंढरं घिऊन गावाकडं माघारी येत व्हतो. तळाव पोचलो, मेंढरं मोजली, समदी भरली. मानूसच भरंना. शाजी पळत माघारी गेला. वाटंला बाबळीखाली मरून पडला व्हता बा. कवा पडला कुनाला ठावं? मागं कोन बगतंय? अंगाव घोंगडं सुदीक नव्हतं, घोड्याव ठिवलं व्हतं मीच."

फोन वाजला आणि संघप्रिया झेपावली.

"मागनं शहाजी," गुरूनं तिकडं वॉकीटॉकी फोनला लावली होती आणि इकडं स्पीकर चालू होता, आवाज लांबून, वाऱ्यातून आला. "चारी हायती. चाल बरी हाय."

केराबाईच्या ओठांवर हसू आलं. सिद्धूनं ‘बघा’ अशा अर्थानं हात पसरले. संघप्रियानं फोन ठेवला आणि पुन्हा चालायला लागली. काही बिघडलं नव्हतं आणि तरी जिवाला चैन नव्हतं. आवाज जरा जड होता का? थंडीत जीभ जड होतेच. दम लागला होता का? तिथं कुणाला लागत नाही? ती स्वतःलाच उत्तरं देत होती आणि एकही उत्तर तिला गप्प बसवत नव्हतं. दवाखान्यात पेशंट डोळ्यांसमोर असतो, कपाळाला हात लावता येतो. इथं हजार मैलांवरचा माणूस आणि तिच्या हाती नुसता आवाज.

पुढचा निरोप वेळेवर आला नाही. तिनं थोडी वाट पाहिली, म्हणजे खिडकी ते दार असे हेलपाटे मारले, आणि मग स्वतःच फोन लावला.

"शहाजी बोलला नाही का?"

"हाक मारली, ‘थांब, मोजतोय’ म्हणाला," गुरु म्हणाला. "मल्लप्पा सांगतोय, लई मागं राहिलाय तो आज. मगाशी वळून बघितलं तर बराच खाली होता."

तिनं सिद्धूकडं बघितलं. सिद्धू खांदे उडवून म्हणाला, "मागंच असतो की तो. त्याचं कामच आहे ते."

"व्हय की," केराबाई म्हणाली. "मागं ऱ्हायला म्हंजी कुनाला तरी संबाळत आसंल."

संघप्रियाला तेच ऐकायचं होतं. दोन माणसं, त्यातली एक त्याची सख्खी आई, सांगत होती की काळजीचं कारण नाही. तिनं मान हलवलीसुद्धा. आणि मान हलवता हलवता ती जागच्या जागी थांबली, सकाळपासून पहिल्यांदाच.

चौघं तर त्याच्या पुढं होते. मग तो मागं राहून सांभाळत होता कुणाला?

दुसरा कुणीही एवढा मागं पडला असता, तर आत्तापर्यंत तिनं दहा प्रश्न विचारले असते. मागं पडणं हे तर या आजाराचं पहिलं लक्षण. ती ते सगळ्यांना शिकवून शिकवून थकली होती. पण शहाजी मागं पडला तर कुणालाच काही वाटणार नव्हतं. मल्लप्पाला नाही, सिद्धूला नाही, त्याच्या आईलाही नाही. मागं असणं हेच त्याचं काम, आणि ते काम त्याला तिनं स्वतः दिलं होतं. सगळ्यांवर नजर ठेवायला एक माणूस नेमला आणि त्या माणसावर नजर ठेवायला मागं कुणीच नाही. मागच्या माणसाला मागून कोण बघणार? एवढं साधं तिच्या डोक्यात आलं नव्हतं. ती घाबरली.

तेवढ्यात फोनमधून खरखर झाली.

"मागनं शहाजी." आवाज सावकाश आला, झोपेतून उठलेल्या माणसाचा यावा तसा. "पाची हायती."

"बघा," सिद्धू म्हणाला. "आहे की नीट. पाच म्हणतोय."

"पाच कसे?"

"अय्यो सिस्टर, पाच जण गेलेत, पाच म्हणाला. आज स्वतःला धरून मोजला असेल. तुम्ही आता यावरून त्यांना खाली आणता की काय? तासाभराची चढण राहिली असेल. नखांची गोष्ट विसरली नाहीत पोरं अजून."

ते तिच्या वर्मी लागलं. तिच्या तोंडाशी आलेला शब्द परत गेला. एका आकड्यावरून हुकूम सोडायचा? असल्याच एका आकड्यानं तिचं हसं झालं होतं. पण तेव्हा तिनं विचारलं नव्हतं. आता विचारायला काय हरकत होती?

"गुरु, त्याला नावं विचार. पाच कोण कोण, एकेकाचं नाव."

वॉकीटॉकी खाटकन दाबल्याचा आवाज आला, गुरूचा प्रश्न वर गेला आणि बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.

"नावं व्हय?" शहाजी म्हणाला. "मल्लप्पा हाय. प्रतिक्षा. शिवयोगी. त्यो वाटाड्या." मग थांबला. "आन म्होरं आमचा बा."

सिद्धूचा पसरलेला हात तसाच राहिला. केराबाई गठ्ठ्याला पाठ लावून बसली होती ती ताठ झाली. खाली माग खडखडत होते.

"खाली," संघप्रिया म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "गुरु, सगळ्यांना सांग. सोलापूर म्हणतंय खाली. पाचही जण, आत्ता."

शिवयोगीचं उत्तर ताबडतोब आलं. "सिस्टर, चेष्टा करतोय तो. शिखर दिसतंय इथून. त्याला तिथंच बसवतो, येताना घेऊन येतो."

"बसवायचा नाही. बसला तर उठणार नाही. खाली."

"अहो, दोन वर्षांची मेहनत..."

"शिवयोगी, तू भंडारा उचललायस."

वारा, खरखर, पुन्हा वारा. मग शिवयोगीचा आवाज आला, कडवट पण स्पष्ट. "खाली. मंडळी, वळा."

आणि लगेच प्रतिक्षाचं ओरडणं फोन फाडून माडीत आलं. "शहाजीनं कडी सोडली! दोराची कडी सोडली त्यानं! डावीकडं चाललाय!"

डावीकडं काय आहे ते संघप्रियाला पाठ होतं. फोटोत ती जागा रोज डोळ्यांसमोर होती. डावीकडं बर्फाची कड होती, वरून सपाट आणि खालून पोकळ. त्यावर पाय ठेवला की कड आणि माणूस दोन्ही गेले.

"प्रतिक्षा, किती लांब आहेस?"

"येतेय, मल्लप्पाला ओलांडून खाली येतेय! पण तो ऐकत नाही!"

"गुरु, फोन वॉकीटॉकीला लाव. मी बोलते त्याच्याशी. शहाजी! मी सिस्टर. थांब तिथंच."

"थांबू कसा?" शहाजीच्या आवाजात ना घाई होती ना भीती, आणि तेच भयंकर होतं. "बा म्होरं चाललाय, सिस्टर. येकलाच हाय. त्येच्या मागं कुनी न्हाय. कुनीतरी पायजे की मागं."

"शहाजी, ऐक. तुझे वडील तिथं नाहीत. विरळ हवेनं तुझ्या मेंदूला सूज आलीय, त्यामुळं तुला तसं दिसतंय. एक पाऊलसुद्धा टाकू नकोस."

शब्द न् शब्द खरा होता आणि एकाचाही उपयोग झाला नाही. वॉकीटॉकीतून बुटांचा आवाज येत राहिला, बर्फात रुतणारा, सावकाश. अतिदक्षता विभागातला सगळा अनुभव पणाला लावूनही बापामागं निघालेल्या पोराला काय म्हणायचं ते तिला सुचेना.

"आन हिकडं," केराबाई म्हणाली.

ती कधी उठली ते कुणी बघितलं नव्हतं. तिनं फोन घेतला आणि माळावर पलीकडच्या टेकाडाला हाक द्यावी तशी हाक दिली.

"शाजीऽऽ! आरं शाजी! म्या आय बोलत्ये."

बुटांचा आवाज थांबला नाही, पण मंदावला.

"आय? तू कुटं?"

"म्या हितंच हाय. तू ऐक म्या काय म्हनत्ये. तुजा बा जल्मात कदी म्होरं चालला का रं?"

एक बूट रुतला. मग बऱ्याच वेळानं दुसरा.

"चालला का? सांग की! मेंढरं टाकून तुजा बा कदी म्होरं गेला? म्होरं दिसतंय त्यो बा न्हवं तुजा. बा मागं हाय. तुज्या मागं हुबा हाय त्यो. वळून बग."

वारा. सिद्धूनं टेबलाची कड धरली होती.

"वळ म्हनत्ये न्हवं! बा वाट बगतोय मागं. माघारी फीर, शाजी."

बुटांचा आवाज बंद झाला. किती वेळ गेला ते संघप्रियाला नंतर कधीच सांगता आलं नाही. मग प्रतिक्षा बोलली, धापा टाकत, रडत, सगळं एकदम. "वळला. तो वळला. खाली बसला. धरला मी त्याला, धरला. कडी लावली."

"इंजेक्शन," संघप्रिया फोनकडं झुकून म्हणाली. फोन अजून केराबाईच्याच हातात होता. "मांडीत, कपड्यावरून. आपण उशीवर केलं तसं. आणि रिगझिन आला की दोघांच्या मध्ये दोराला बांधून उतरवा त्याला. चालतो म्हणाला तरी एकटं चालू द्यायचं नाही."

मग उतरणं सुरू झालं, आणि उतरणं चढण्याहून लांब असतं. शहाजी कधी चालत होता, कधी मटकन बसत होता. एकदा त्यानं रिगझिनला ढकललं, एकदा सगळ्यांना जेवायचा आग्रह केला. उंची कमी झाली तसा तो निवळत गेला. वरच्या तंबूत त्याच्या नाकाला ऑक्सिजन लावला आणि थोड्या वेळानं त्यानं विचारलं, मी इथं कसा आलो? हे ऐकून सिद्धू जिन्यावर जाऊन नाक शिंकरून आला. संघप्रिया मात्र सगळा दिवस फोन कानाला लावून सूचना देत राहिली. ऑक्सिजन चालू ठेवा, पाणी पाजा, झोपू देऊ नका, आणखी खाली आणा. केराबाई पुन्हा गठ्ठ्याला टेकून बसली होती. ती रडली नाही, बोलली नाही. सिद्धूनं मागवलेलं जेवण तिच्यापुढं तसंच पडून होतं.

उन्हं कलली तेव्हा शेवटचा निरोप आला. मंडळी तळाच्या माळावर उतरली होती. आवाज शिवयोगीचा होता. शहाजीच्या जागी आता तो चालत होता.

"मागनं शिवयोगी," तो म्हणाला. सकाळचा कडवटपणा कुठल्या कुठं गेला होता. "पाच. मला धरून पाच आहेत, सिस्टर."

"इथून पुढं असंच मोजायचं," ती म्हणाली. "मागच्यानं स्वतःला धरून. आणि पुढच्यानं दर थांब्याला वळून मागच्याचं तोंड बघायचं."

"बघू. तुम्ही म्हणाल तसं."

तिनं फोन ठेवला आणि सकाळपासून पहिल्यांदा खाली बसली, खुर्चीवर नव्हे, केराबाईच्या शेजारी जमिनीवर. पाय ठणकत होते. खालचे माग पाळी बदलण्यासाठी थांबले होते आणि एवढी शांतता तिला झेपत नव्हती.

"बाय, येक इच्यारू?" केराबाई म्हणाली.

"विचारा की, मावशी."

"शाजीला खरंच दिसला आसंल का गं त्यो?"

संघप्रियाच्या जिभेवर उत्तर तयार होतं. मेंदूला सूज आली की असं होतं, पुष्कळांना होतं, सोबत कुणीतरी चालतंय असं वाटतं. ती ते बोलणार होती. पण केराबाई तिच्याकडं बघतच नव्हती. ती भिंतीवरच्या फोटोकडं, त्या पांढऱ्याफेक चढणीकडं बघत होती.

"दिसला आसंल तर येवडं इच्यार त्येला," केराबाई म्हणाली. "अंगाव घोंगडं व्हतं का बाच्या? तितं बरफ हाय म्हनं लई."

संघप्रियानं उत्तर गिळलं. तिनं फोन उचलला, गुरूला लावला आणि शहाजीला द्यायला सांगितला. शहाजीचा आवाज थकलेला होता, पण तो त्याचाच होता. तिनं आईचा प्रश्न जसाच्या तसा विचारला, शब्द न बदलता. तिकडं त्यानं तो प्रश्न स्वतःशीच पुटपुटला. विसरला होता, की आठवत होता, की आणखी काही, ते तिला कळलं नाही.

"व्हतं," शहाजी म्हणाला. "काळं घोंगडं. खांद्याव. आयला सांगा सिस्टर, व्हतं."

तिनं सांगितलं.

"व्हतं म्हनला?"

"होतं म्हणाला, मावशी. काळं. खांद्यावर."

"मंग झालं," केराबाई म्हणाली, आणि मग मात्र ती रडली.